तिसऱ्या वखताला

आमच्या घरात एक जुनी वही आहे. घराण्यात कोण केव्हा जन्मलं आणि कोण केव्हा गेलं, एवढंच तिच्यात लिहिलेलं आहे. भाषा मराठी, अक्षरं कन्नड. म्हैसूरच्या आमच्या जुन्या लोकांत हे असंच चालतं. तिच्यात माझ्या वाट्याला आलेल्या ओळी अशा: 'आषाढ, मंगळवार. तिसऱ्या वखताला कन्या झाली. चौथ्या वखताला तिची आई गेली.'

या ओळींनी मला जन्मभर छळलं. आई मला किती वेळ मिळाली हे त्यांत लिहिलेलं आहे, आणि तरी कळत नाही.

आमचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत शिपाईगिरी करायला आले आणि इथलेच झाले. मोहल्ल्यातलं आमचं दोन खोल्यांचं कौलारू घर मशिदीच्या मागच्या भिंतीला लागून उभं होतं. घरात घड्याळ नव्हतं, कारण त्याची गरजच नव्हती. मशिदीत पाच वेळा बांग होई. तेव्हा कर्णे नव्हते, पण ती आमच्या चुलीपाशी स्पष्ट ऐकू येई. त्या प्रत्येक बांगेला गल्लीतल्या सगळ्या बायका, हिंदू असोत की मुसलमान, वखत म्हणत, आणि वखतांना नंबर असत. अमक्या वखताला तांदूळ निवडायचे, तमक्या वखताला नळावर जायचं. देवळातली घंटा देवासाठी वाजे, आमचा संसार चाले तो बांगेवर. यात कुणाला काही वावगं वाटत नसे, आणि मलाही वाटत नाही.

माझा जन्म झाला तेव्हा वडील सैन्यात होते, पार उत्तरेला. तार मिळून, रजा मिळून, गाड्या बदलत ते घरी पोचले तोवर आईचा दहावा होऊन गेला होता. त्यांनी आपल्या आईला, म्हणजे माझ्या अज्जीला, विचारलं. तिने जेवढं सांगितलं तेवढं त्यांनी वहीत उतरवलं. पुढे त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. वर्षभरात ते सैन्य सोडून आले, मेटगळ्ळीला एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याची नोकरी धरली आणि पहिल्याच महिन्यात गजराचं घड्याळ घेऊन आले. अज्जीने वखत मोजणं तेव्हापासून सोडलं, असं मी पुष्कळ वर्षं धरून चालले होते. मला उठवताना ती 'वखत झाला, एळ की आता' असं म्हणे, दिव्याचा वखत, दुधाचा वखत असंही म्हणे, पण नंबर तिच्या तोंडून मी एकदाही ऐकला नाही.

आईबद्दल विचारलं की ती म्हणायची, "आमेले सांगते. आता सुम्ने बस." आमेले म्हणजे नंतर आणि सुम्ने म्हणजे गप्प. मी सुम्ने बसले. मी अकरा वर्षांची असताना अज्जी गेली आणि तिचं आमेले काही आलं नाही.

वहीतल्या त्या ओळी मी पहिल्यांदा वाचल्या त्या माझ्या लग्नाच्या वेळी. बेळगोळच्या एका कारखान्यात सातारकडचा एक तरुण नव्याने नोकरीला लागला होता आणि कुणीतरी त्याला आमचं घर सुचवलं होतं. तो चारला येतो म्हणाला आणि चारच्या ठोक्याला दारात हजर झाला. मी आपलं कौतुकाने म्हटलं, "बरोब्बर वखतावर आलात." तो हसला. म्हणाला, "वखत हा काही आपला शब्द नाही, अरबी आहे. आपण वेळ म्हणावं." मला राग आला, पण पाहुणा म्हणून गिळला. पाच मिनिटं गेली नाहीत तोच तो वडिलांना स्वतःविषयी सांगू लागला, "मी फार वक्तशीर माणूस आहे." मी आतून म्हटलं, "मग वक्तशीर कुठल्या पेठेतून आणलात?"

वडिलांनी डोळे वटारले. तो मात्र लाल झाला आणि मग मोकळेपणाने हसला. आमचे हे अजून सांगतात की, त्यांनी लग्नाचं नक्की केलं ते त्याच क्षणी. त्यांच्या आईने मात्र असं नक्की केलं नव्हतं. त्यांचं पत्र आलं: मुलीची जन्मवेळ अचूक कळवावी.

वडिलांनी ट्रंकेतून वही काढली, ओळी वाचल्या आणि ती माझ्यापुढे सरकवली.

"तिसरा वखत म्हणजे कधी, अप्पा?" मी विचारलं.

"आपल्याकडे पहारा दिवेलागणीला बदलायचा. फौजेतली रीत. दिवस तिथनंच धरायचा," ते म्हणाले. "दिवेलागणीची बांग पहिली, रात्रीची दुसरी. म्हणजे तिसरी पहाटेची आली, अल्वा? हो ना?"

"मग मी पहाटेची."

"थांब. पण तुझी अज्जी बेट्टदपुरकडची, शेतकऱ्याची लेक. तिच्या माहेरी दिवस उजाडला की सुरू. पहाटेची बांग पहिली, दुपारची दुसरी, तिसरी मग उन्हं उतरतानाची."

"अज्जी कुठलं मोजायची?"

वडिलांनी वही मिटली. "दोन्ही मोजायची," ते म्हणाले. "एरवी आमच्यासारखं. रागावली की माहेरासारखं."

त्या दिवशी अज्जी रागावलेली होती की नव्हती, हे मी कुणाला विचारणार होते?

तरी मी मशिदीत जाऊन बांग देणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारून आले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "वखतां पाँच हैं बेटी, बराबर. नंबर तुमे लोगां डाले." वर आणखी हेही सांगितलं की त्यांच्यातही कुणी पहाटेपासून मोजतं, आणि तारीख मात्र सूर्य मावळला की बदलते. मी गेले होते त्याहून जास्त गोंधळून परत आले.

शेवटी वडील आमच्या जोशांकडे गेले. जोशांनी दोन्ही वेळांच्या दोन पत्रिका मांडल्या. उन्हं उतरतानाची जुळत होती, पहाटेची काही केल्या जुळत नव्हती. वडिलांनी सातारला उन्हं उतरतानाची वेळ कळवली आणि लग्न ठरलं. घरात आनंद झाला. मलाही झाला, खोटं कशाला बोलू? मुलगा मला आवडला होता.

हळद लागायच्या आदल्या दिवशी मी त्या ओळी पुन्हा वाचल्या आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फौजेच्या रितीने मोजलं, तर मी पहाटे जन्मले आणि आई दुपारच्या बांगेला गेली. मधली अख्खी सकाळ आम्ही दोघी बरोबर होतो. माहेरच्या रितीने मोजलं, तर मी उन्हं उतरताना जन्मले आणि दिवेलागणीला ती गेली. म्हणजे दोन तास, त्यातही ती शुद्धीवर होती की नाही कोण जाणे. आम्ही दोन तासांवर सही करून मोकळे झालो होतो. माझं लग्न जुळलं होतं ते आईची सकाळ देऊन. मला रडू आलं, आणि सगळ्यांना वाटलं मुलगी सासरी जायची म्हणून रडतेय.

लग्नानंतर मला एका कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी लागली. तिथे शब्दकोशांचं एक कपाट होतं, त्याला सहसा कुणी हात लावत नसे. मी लावला. मला वाटे, शब्द नीट कळला तर त्या ओळीही कळतील. वेडेपणाच तो, पण रिकाम्या दुपारी माणूस काय काय करतो.

शब्द मूळचा अरबी, वक्त. तिथे त्याचा अर्थ नुसता वाहणारा काळ नव्हे. एखाद्या कामासाठी ठरवून दिलेली घटका. नमाजाची, पेरणीची, परत यायची. तिथून तो फारसीत गेला आणि फारसीतून दरबारांत, छावण्यांत, घोडदळांबरोबर दख्खनेत उतरला. मराठीत त्याचा वखत झाला, गुजरातीतही वखत. तुर्कांनी त्याला वाकित केलं. जहाजांबरोबर तो पूर्वेला गेला तिथे मलय लोक वक्तू म्हणू लागले. आफ्रिकेतल्या हौसा भाषेत तर त्याच्या आधीचं 'अल' सुद्धा त्याला चिकटून गेलं आणि लोकाची असं काहीतरी झालं. मी हे सगळं एका कार्डावर लिहून ठेवत असे आणि घरी आल्यावर ह्यांना ऐकवत असे. हे म्हणायचे, "एवढा हिंडला बिचारा, आणि तुझ्या घरात येऊन नंबरात अडकला."

एकदा आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडचा एक विद्यार्थी आमच्या लायब्ररीत आला. म्हैसूरला असे पुष्कळ येतात. त्याला एक पुस्तक हवं होतं. मी त्याला म्हटलं, उद्या तीनला ये, काढून ठेवते. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी कुलूप उघडतेय तर हा पायरीवर बसलेला. मी म्हटलं, बाबा, तीनला सांगितलं होतं. तो ओशाळला. नवा होता, घरची सवय गेली नव्हती. त्याने सांगितलं की त्यांच्याकडे तास सूर्य उगवला की मोजायला लागतात. आपले सात वाजतात तेव्हा त्यांचा एक वाजतो, आणि आपले नऊ म्हणजे त्यांचे तीन. मग मी सहज विचारलं, वेळेला तुमच्याकडे काय म्हणतात? तो म्हणाला, "वकाति."

मला त्याला मिठीच मारावीशी वाटली. इतक्या लांब तोच शब्द, आणि तोच घोळ. शब्द सगळीकडे पोचला होता, पण मोजायला सुरुवात कुठून करायची हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या अंगणातून सुरुवात केली. मला त्याने बरं वाटलं आणि त्या रविवारी पुन्हा वही काढून बसल्यावर पूर्वीइतकंच वाईट वाटलं. कार्डं भरली, कपाट संपलं, ओळी होत्या तिथेच होत्या.

मी नोकरीतून निवृत्त व्हायच्या आधी वडील गेले. समाचाराला लोक येत होते. चौथ्या दिवशी एक फार म्हातारी बाई मुलाचा हात धरून रिक्षातून उतरली. पूर्वी ती आमच्या शेजारच्या घरात राहायची आणि मी रांगत असतानाच त्यांनी तिथलं बिऱ्हाड हलवलं होतं. गल्ली तिला खाला म्हणायची. ती माझ्या तोंडावरून हात फिरवत राहिली, मग म्हणाली, "मैं थी ना उस दिन. तेरी अम्मा के पास."

मी तिचा हात घट्ट धरला. "खाला, सकाळ होती की संध्याकाळ?"

"सुबा की शाम, मालूम नै बेटी." तिने मान हलवली. "दरवाजे बंद, अंदर दिवा जलता था. बाहर बादलां, झड़ी. बाहर बी अंधेराच. इत्ते बरसां के बाद क्या याद रहता?"

"बांग ऐकली असशील ना?"

"तेरी अज्जी सुनती थी. दाई बोली थी, चौथा वखत निकल गया तो बच जाती. बुड्ढी उंगलियां पो गिनती बैठी थी." तिने चार बोटं दाखवली. "चौथे वखत को ही गई."

अज्जीने मोजणं का सोडलं ते मला तेव्हा कळलं. घड्याळाचा त्यात काही संबंध नव्हता. मी इतकी वर्षं त्या म्हातारीवर मनातून चिडत आले होते, की हिने साधं एवढं का सांगून ठेवलं नाही. मला माझीच लाज वाटली.

आशा सोडून मी विचारलं, "आणखी काही आठवतं?"

"साडी याद है," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. आमच्यात बाळाला पहिल्यांदा आईच्या वापरातल्या मऊ सुती साडीत गुंडाळतात. आईची तशी साडी एकच होती आणि ती अंगावर होती, खराब झालेली. मी जन्मल्याबरोबर अज्जीने आईला दुसरं नेसवलं आणि खालाने ती साडी धुवून मागच्या पडवीत दोरीवर टाकली. दुसरी कुठली आणते म्हटलं तर आई ऐकेना. माझीच हवी, म्हणाली. तोवर तिने मला आपल्या पोटावर घेतलं होतं, वर घोंगडी. दर थोड्या वेळाने विचारायची, वाळली का? खाला जाऊन चाचपून यायची आणि सांगायची, नाही. पुन्हा विचारायची. शेवटी खालाने सांगितलं की साडी वाळली, पण काठ ओला आहे.

"बोली, असू दे, आण," खाला म्हणाली. आईचे शब्द तिने मराठीतच सांगितले. "आपनेच हाथ से लपेटी तेरे को. फिर गई."

त्यानंतरच्या आषाढात मी मोहल्ल्यातल्या त्याच घरी एक प्रयोग केला. लोक हसतील म्हणून आजवर कुणाला सांगितला नाही. तशीच जुनी, सुती, जाड काठाची साडी घेतली. झड लागलेली होती, म्हैसूरला त्या दिवसांत असते तशी, पडते थोडी आणि थांबून राहते फार. पहिल्या दिवशी उन्हं उतरतानाची बांग झाल्यावर साडी धुतली, पिळली आणि मागच्या पडवीत दोरीवर टाकली. दिवेलागणीची बांग झाली तेव्हा पदरातून पाणी टपकत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बांगेला उठले. हेही उठले. हातात घड्याळ, कागद आणि पेन. वक्तशीर माणूस. मी म्हटलं, "अहो, ते घड्याळ ठेवा आत." त्यांनी मुकाट्याने ठेवलं. मी साडी पुन्हा धुवून, पिळून दोरीवर टाकली आणि खाली पाटावर बसले.

सकाळ एवढी मोठी असते हे मला साठीला टेकताना कळलं. उजाडलं. दूधवाला आला, गेला. ह्यांनी कॉफी करून आणून दिली. मी उठून साडी चाचपली, ओली. शेजारची मुलं शाळेला गेली. पाऊस येऊन गेला. चाचपली; ओली. ह्यांनी उप्पिट केलं, त्यात मीठ विसरले, दोघांनी तसंच खाल्लं. मी पुन्हा उठले, पुन्हा बसले. पोटावर तान्हं पोर घेऊन एवढा वेळ पडून राहायचं म्हणजे काय काय होतं एवढ्या वेळात? बोटं मोजून होतात. कान कुणासारखे ते बघून होतं. पोर रडतं, गप्प होतं, झोपतं, पुन्हा जागं होतं. मला त्यातलं काहीही आठवत नाही आणि ते सगळं माझ्या बाबतीत झालं असणार, या विचाराने माझा जीव भरून आला. मी पाटावर बसून ढसाढसा रडले. हे शेजारी येऊन बसले.

दुपारची बांग सुरू झाली तेव्हा मी उठले. साडी हाताला वाळलेली लागली. काठावर हात नेला. काठ ओला होता.

हा पुरावा म्हणून कुणी धरणार नाही, हे मला कळतं. तेव्हाचा पाऊस वेगळा, तेव्हाचं कापड वेगळं. ह्यांनी मात्र माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि समजले.

"म्हणजे आपली पत्रिका जुळतच नव्हती," ते म्हणाले.

"नव्हती."

"आणि आपण इतकी वर्षं तशीच काढली."

"काढली. आता काय परत नेऊन सोडताय?"

ते हसले आणि आत जाऊन वही घेऊन आले. वडिलांनी दोन ओळींच्या मध्ये फारशी जागा सोडलेली नव्हती. "काय लिहायचं?" त्यांनी विचारलं, पण त्यांना कन्नड अक्षरं येत नाहीत, म्हणून पेन मीच घेतलं. 'तिसऱ्या वखताला कन्या झाली' याच्या खाली आणि 'चौथ्या वखताला तिची आई गेली' याच्या वर, अगदी बारीक अक्षरांत मी लिहिलं: 'सकाळभर आई होती.'